तिसरं पाणी

९ ऑक्टोबर

आत्या,

तब्येत विचारत नाही, कारण "मला काय धाड भरली आहे" एवढंच उत्तर येणार. थेट कामाचं लिहिते. फोनच करणार होते, पण फोनवर बोललेलं फाईलला लावता येत नाही हा तुझा नियम आडवा आला.

गरवाले हाताला लागले आहेत. म्हणजे पावात आणि केकमध्ये भरायचा फळांचा गर बनवणारा तो मोठा कारखाना. दीड वर्षात इतक्या खेपा घातल्या की त्यांचा पहारेकरी आता मला बघून रजिस्टर उघडायच्या आधी खुर्ची पुढे करतो. परवा त्यांच्या लॅबवाल्या बाईंसमोर मी आपला स्टार्च शिजवून दाखवला. खळ अशी पारदर्शक झाली की वाटीखालचा छापील कागद वाचता येत होता, आणि चमचा उभा केला तो उभाच राहिला. मक्याच्या स्टार्चला ही चकाकी येत नाही, तो गढूळ होतो. बाईंनी चमचा तीनदा काढून पुन्हा उभा केला. गिऱ्हाईक खेळायला लागलं की निम्मं काम झालं, हे मला तूच शिकवलंस.

या पट्ट्यात बटाट्याचा स्टार्च कोण घेतं हे मी आता झोपेतही सांगू शकते. खोकेवाले गोंदासाठी घेतात, सूतवाले धाग्याला खळ द्यायला, कागदवाले कागद गुळगुळीत करायला. एकजण मातीत विरून जाणाऱ्या पिशव्या करतो, तो मुठीएवढा माल घेतो आणि पोत्याएवढ्या गप्पा मारतो. पण या सगळ्यांना कोणाचाही स्टार्च चालतो. बंदरात जहाज लागलं आणि परक्या मालाचा भाव जरा उतरला, की खोकेवाले आपल्याला ओळखही दाखवत नाहीत. नाव घेऊन मागतात ते फक्त खाण्याचे पदार्थ करणारे. त्यातले दोघं गेल्या वर्षी आपल्याला सोडून गेले, का ते कधी कळलं नाही. गरवालेही मिळाले नाहीत तर उरतील फक्त खोकेवाले, आणि मग आपला कारखाना हंगामाचे चार महिने चालून आठ महिने कुलपात राहील. मिळाले तर वर्षभर धूर निघेल. तीस माणसांचा प्रश्न आहे, हे तुला मी सांगायला नको.

त्यांना आधी नमुना हवा आहे आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारी वीस पोती. जुळली की वर्षाचा करार. पाठव, आणि निर्धास्त राहा. हे काम झाल्यातच जमा आहे.

तुझी भिंगरी


१५ ऑक्टोबर

भिंगरी,

नमुन्याची बरणी सोबत आहे, वीस पोती परवा निघतील. काम झाल्यातच जमा आहे असं लिहू नये, आधी करून मग लिहावं. बाकी पत्र चांगलं आहे.

तुझ्या लॅबवाल्या बाईंना सांग, या कारखान्यातून एकही पोतं माझ्या पाटीवरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. सकाळी दहाला, उत्तरेच्या खिडकीत, काळ्या पाटीवर चिमूटभर स्टार्च आणि वर दाबलेली काच. सदतीस वर्षं मी पांढरा कुठला आणि पिवळट कुठला ते सांगते आहे. तू लहानपणी त्या पाटीवर फुंकर मारून दिवसभर पांढऱ्या भुवयांनी हिंडली होतीस, आठवत असेल. खळीची परीक्षा मुकादम बघतात. दुसऱ्या पाण्यानंतर हौदातून भांडंभर काढायचं, सुकवायचं, शिजवायचं, तुझ्या आजोबांच्या वेळेपासून तसंच चालत आलं आहे. तुला पाठवलेली बरणीही त्यातलीच.

हल्लीच्या बटाट्यात मात्र काही राम राहिला नाही. पूर्वी दोन पाण्यांनी धुतला की स्टार्च पांढराशुभ्र निघायचा. आता पिवळट झाक राहते, म्हणून गेली दोन वर्षं मी तिसरं पाणी द्यायला लावते. सुरुवात माझ्या व्याह्यांच्या मालापासून झाली. तेव्हा वानगीच्या बटाट्यांचा स्टार्च पिवळट दिसला म्हणून त्यांचे तीन ट्रक मी फाटकातून परत पाठवले, पाळी बदलायच्या वेळेला, तीस माणसांदेखत. लेकीचे सासरे म्हणून पिवळा माल पांढरा म्हणू का? तेव्हापासून ते माझ्या घरी येत नाहीत आणि मी त्यांच्या. लेक बिचारी दोन्हीकडे गोड बोलून दमते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यांचे बटाटे बंद केले तरी झाक गेली नाही, हे खरं. सगळ्या पट्ट्यालाच लागण झाली असणार.

अक्षर जाड आहे कारण नेहमीचं पेन रुसलं आहे.

आत्या


६ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार आधी घे, कारण पुढे भांडण आहे.

पोती पोचली. काल लॅबवाल्या बाईंनी मला बोलावलं आणि टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत बरणीतल्या नमुन्याची खळ, दुसरीत पोत्यातल्या स्टार्चची. दोन्हीकडे माप तेच, आच तीच, आणि दोन्ही त्यांनी माझ्यासमोर शिजवल्या. पहिलीत चमचा उभा राहिला. दुसरीत तो हळूहळू कलला आणि वाटीच्या काठाला जाऊन टेकला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "नमुना एका ठिकाणचा आणि माल दुसऱ्या ठिकाणचा, असं तर नाही ना?" तुझी भाची असून मी त्या कललेल्या चमच्याकडे बघत "नाही" म्हटलं.

तरी मी हटले नाही. तासभर बसून एक संधी मागून घेतली. वर्षअखेरपर्यंत नवी वीस पोती, आणि सोबत मालकाच्या सहीचं पत्र, ज्यात ही चूक कशामुळे झाली ते लिहिलेलं असेल. कारणच माहीत नसेल तर ते दूर झालं हे कशावरून मानायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही.

विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारते. पोत्यांत मक्याचा स्टार्च मिसळला गेला आहे का? तू केलं असशील असं नाही. कोणी तुझ्या नकळत, कोणी तुला वाचवायला म्हणून. तसं असेल तर मला आत्ताच सांग. मी निभावून नेईन.

भिंगरी


११ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पत्र मुकादमांनी मला वाचून दाखवलं, माझे हात ओले होते. मक्याचं वाक्य आल्यावर ते थांबले आणि चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं.

मला फार लागलं. परक्यानं म्हटलं असतं तर मी त्याला फाटक दाखवलं असतं. तू माझ्या मांडीवर वाढलीस आणि तुला मक्याची आठवण झाली. या कारखान्यात मक्याचा दाणा फक्त मुकादमांच्या कोंबड्यांसाठी येतो, आणि तोही ते स्वतःच्या पिशवीतून आणतात.

काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायची वेळ येणार नाही. बटाटा धुतला, किसला, चोथा गाळला. स्टार्चला तीन पाणी दिली. पहिली दोन नदीच्या टाकीतली. तिसरं बोअरचं, कारण दोन पाण्यांतच टाकी तळाला जाते. बोअरचं पाणी काचेसारखं आहे, आम्ही पितो तेच. मग सुकवला, पाटीवर बघितला, पोत्यात भरला. यात कुठे कोणी काय मिसळणार?

दोष बटाट्याचा आहे. माझे व्याही गेली दोन वर्षं बियाणं बदलायचं खूळ घेऊन बसले आहेत, आणि त्यांचं बघून आजूबाजूचेही बदलतात. चांगल्या बटाट्याला कोणी असं छळतं का? तुझ्या बाईंना तसं लिहून दे, मी सही करते. हवं तर व्याह्यांचं नावही घाल, मी कोणाला भीत नाही.

आणि जरा मोठं अक्षर काढत जा. मुंग्या सोडल्यासारखं लिहितेस.

आत्या


१८ नोव्हेंबर

आत्या,

तुझे पाय धरते आणि कान पकडते, दोन्ही एकदमच. मक्याचं वाक्य मी मागे घेतलं. पण त्या रागाच्या पत्रातच तू मला उत्तर देऊन टाकलंस, ते तुला कळलंही नाही.

बोअरचं पाणी. तुमच्या किटलीत आत पांढरा थर धरतो ना, तो त्या पाण्यातला चुना. तुझं पत्र घेऊन मी तशीच लॅबवाल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, बटाट्याचा स्टार्च असा चुना धरून ठेवतो, आणि मग शिजताना पुरता फुगत नाही. मक्याचं तसं होत नाही. म्हणजे आपण दोन पाण्यांत उत्तम माल करतो आणि तिसऱ्या पाण्यात स्वतःच्या हातानं बिघडवतो. आणि मुकादम परीक्षेचा स्टार्च दुसऱ्या पाण्यानंतर काढतात. आजोबांच्या वेळी दोनच पाणी होती, तेव्हा ते बरोबर होतं. तू पाणी वाढवलंस आणि नमुना काढायची जागा तीच राहिली. दोन वर्षं आपण एका मालाची परीक्षा घेतो आहोत आणि दुसराच विकतो आहोत. ती दोन गिऱ्हाइकं का गेली, तेही आता कळलं.

इथवर सोपं आहे. पुढचं लिहिताना हात अडखळतो आहे, पण लिहिते.

बाईंकडे पांढरेपणा मोजायचं यंत्र आहे. पोत्यातला स्टार्च त्यांनी बघितलेल्या सगळ्या मालांत पांढरा निघाला. आणि बरणीतला, नुसत्या दोन पाण्यांचा, तोही त्यांना हवा त्यापेक्षा पांढराच होता. मग तिसरं पाणी कशासाठी? पिवळा दिसला तो कोणाला?

तुझी तिन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. आधीचं, उन्हाळ्यातलं, धरून. अक्षर प्रत्येक वेळी मोठं होत गेलं आहे. शेवटच्या पत्रात एका ओळीत चारच शब्द मावले आहेत. आणि ओले हात पुसायला तुला कधीपासून जमेनासं झालं? आत्या, तू डोळे दाखवून ये. मुकादमांना विचारू नकोस, ते तुला नाही म्हणणार नाहीत. डॉक्टरांना विचार.

व्याह्यांचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. तू सही केलीस तरी नाही.

भिंगरी


१२ डिसेंबर

भिंगरी,

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा रागात गेला, दुसरा डॉक्टरांकडे, तिसरा डोळ्यावर पट्टी बांधून. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आहे. डावा अजून तसाच आहे. दोन्ही चांगले पिकले होते म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काम कसं करत होता? मी म्हटलं, सवयीनं.

पट्टी निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी दहा वाजता मी खिडकीत गेले. पाटीवर स्टार्च घेतला, दोन पाण्यांचा. डावा डोळा झाकला तर पांढराशुभ्र, त्यात निळी झाक म्हणावी इतका. उजवा झाकला तर तोच स्टार्च लोण्यासारखा पिवळा. सात-आठ वेळा करून बघितलं. मुकादम दारात उभे होते, त्यांना वाटलं मी त्यांना डोळा मारते आहे. बिचारे लाजून आत गेले.

मग फळीवरून जुन्या बरण्या काढल्या. प्रत्येक मालाची एक आपण ठेवतोच. व्याह्यांच्या त्या शेवटच्या मालाची बरणी मागच्या रांगेत होती, चिठ्ठीवर माझ्याच हातानं "पिवळट, नाकारला" लिहिलेलं. नव्या डोळ्यानं बघितलं. माझ्या फळीवर त्याहून पांढरी बरणी नाही. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी रडले.

माल पिवळा नव्हता, भिंगरी. माझा डोळा पिवळा होता.

मुकादमांना मी विचारलं, तुम्हाला पांढरं दिसत होतं का? दिसत होतं म्हणाले, दोन्ही वर्षं. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बाई, तुम्ही पिवळा म्हटल्यावर पांढरा कोण म्हणणार?" हे ऐकून मला जेवण गेलं नाही. तीस माणसांचा कारखाना मी चालवते असं मला वाटत होतं, आणि तीसपैकी एकालाही मला चूक म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

आता कामाचं. तिसरं पाणी बंद. नमुना काढायचा तो शिवायच्या आधी पोत्याच्या तोंडातून. पाटी मी बघेन आणि मुकादम बघतील, वेगवेगळं, आणि आपापलं उत्तर कागदावर लिहून मगच एकमेकांना दाखवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याविरुद्ध उत्तर लिहिलं आणि त्यांचंच बरोबर निघालं. मी त्यांना सगळ्यांसमोर तसं सांगितलं.

नवी वीस पोती निघाली आहेत. सोबत बाईंसाठी पत्र आहे. एक शब्द बदलू नकोस. त्यात लिहिलं आहे ते असं:

"आपल्याला मिळालेला माल पातळ होता. त्याला मी जबाबदार आहे. मला मोतीबिंदू होता, मी पांढऱ्या स्टार्चला पिवळा समजले आणि गरज नसताना त्याला बोअरच्या जड पाण्यानं तिसऱ्यांदा धुवायला लावलं. बटाट्यात दोष नव्हता, पिकवणाऱ्यांत नव्हता, कामगारांत नव्हता. आता हे थांबवलं आहे."

आत्या


२१ डिसेंबर

आत्या,

आधी कबुली. तुझं पत्र मी लगेच दिलं नाही. मला वाटलं, एवढं उघडं कशाला करायचं? सदतीस वर्षांचं नाव आहे. म्हणून मी माझ्याकडून एक पत्र लिहून नेलं, "पाण्यातील क्षारांमुळे" वगैरे. खोटं एकही अक्षर नव्हतं.

बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, तिसरं पाणी का दिलंत? मी म्हटलं, जास्त पांढरं व्हावं म्हणून. त्या म्हणाल्या, जास्त पांढरं कोणी मागितलं होतं? मग मी पर्समधून तुझं पत्र काढून दिलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, पंधरा वर्षं मी माल घेते आहे. माल बिघडला की मला सांगतात, बटाटे वाईट होते, पाऊस फार झाला, ट्रकवाला चोर होता. माझ्यामुळे बिघडला असं लिहिणारा हा पहिला कागद. माझं पत्र त्यांनी मला परत दिलं, तुझं फाईलला लावलं.

मग वाट्या आल्या. चमचा उभा राहिला आणि बाई चहा सांगायला उठल्या तरी तो उभाच होता. वर्षाचा करार झाला, आत्या. सही माझ्या समोर झाली. आता खोकेवाले रुसले तर रुसू देत. तीस माणसांना सांग, आठ महिन्यांचं कुलूप मी गिळून टाकलं.

आणखी एक. एवढ्या मालाला बटाटे लागणार, आणि सगळ्यांत जास्त स्टार्च व्याह्यांच्या बटाट्यात उतरतो हे तुलाही माहीत आहे. कराराची बातमी पसरायच्या आत त्यांच्याकडे जाऊन ये. नंतर गेलीस तर बटाट्यांसाठी आली असंच होईल, आणि ते त्यांना लागेल. तुलाही.

भिंगरी


३ जानेवारी

भिंगरी,

उशीर झाला. मी जायच्या आधीच बातमी त्यांच्या घरी पोचली होती. लेकीनंच सांगितली, आनंदानं. तिला काय बोलणार?

तरी केलं. त्यांच्या घरी जाऊन, दार लावून, खुर्चीत बसून माफी मागणं सोपं होतं. मी त्यांचे ट्रक फाटकात परत पाठवले होते, पाळी बदलताना. म्हणून त्यांना तिथेच आणि त्याच वेळेला बोलावलं. ते आले, हाताची घडी घालून, नवं भांडण असेल अशा तयारीनं. जाणारी पाळी आणि येणारी पाळी, दोन्ही थांबल्या. मी आधी सांगितलं की तुमच्याकडे बटाटे मागणार नाही. ते म्हणाले, मागितले तरी नाहीत, तीन वर्षांचं सगळं पीक वेफरवाल्यांना बांधून दिलं आहे. बरं झालं, म्हटलं. मला हायसं वाटलं. आता त्यांच्याकडून मला घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त बोलायचं होतं.

सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तुमचे तिन्ही ट्रक चांगले होते. मला दिसत नव्हतं, आणि ते मी कबूल केलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी हाताची घडी सोडली. आपण जिंकलो असा चेहरा होईल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. ते म्हणाले, "विहीणबाई, दोन वर्षं मी बियाणं बदलून बदलून बघतो आहे. तुम्ही पिवळा म्हणालात म्हणजे माझ्याच जमिनीचं काहीतरी बिघडलं असणार, असं मी धरून चाललो होतो."

भिंगरी, मी समजत होते की हा माणूस दोन वर्षं माझ्यावर डूख धरून बसला आहे. तो माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता. स्वतःच्या जमिनीपेक्षा माझ्या डोळ्यावर जास्त. मी त्यांच्या बियाण्याला खूळ म्हटलं होतं आणि ते खूळ मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. तुला लिहून दिलेलं ते त्यांचं नाव तू घातलं नाहीस, यासाठी मी जन्मभर तुझी ऋणी राहीन.

त्यांनीच विषय बदलला. आपल्या दोन शेजाऱ्यांचे बटाटे चांगले आहेत, आजच त्यांच्याशी बोलतो म्हणाले, आणि संध्याकाळी ते दोघं माझ्या दारात उभे राहिले. बटाट्यांची सोय झाली. हे सगळं झाल्यावर फाटकातून निघता निघता ते वळले आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे असं विचारलं. मी म्हटलं, मंगळवारी.

"किती वाजता? गाडी मी आणतो."

मी कोणाच्या गाडीतून जात नाही, हे तुला माहीत आहे. मी साडेआठ म्हटलं.

आत्या